दादाला न पटलेला सांधा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी पलीकडच्या माणसाची उलटतपासणी घेतली. नाव काय, कुठून बोलताय, दादाचा फोन तुमच्याकडे कसा? हल्ली कुणीही फोन करून काहीही सांगतं. तो बिचारा माणिकपूरच्या हॉस्पिटलमधून बोलत होता. तरी मी फोन कापला आणि वहिनीला लावला. "वीणाताई, या..." एवढंच ती म्हणाली, आणि मग शंकेला जागा उरली नाही. या गोष्टीला दीड महिना होत आला. दादाला हे कळलं असतं तर तो म्हणाला असता, बरोबर केलंस.

संशय आमच्या रक्तातच आहे. आमचं घर मूळचं वसईच्या खाडीकाठचं, भातशेतीवालं. भरती ओसरली की बाबा बांधावर जायचे आणि शेतातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचे. बांध कितीही धडधाकट दिसो, खाडीचं खारं पाणी कुठून तरी आत झिरपतंय असं त्यांना कायम वाटायचं. "वरून पानी बघून काय कळतंय? तोंडात घे," असं म्हणून ते आम्हालाही चाखायला लावायचे. मी पुढे शाळेत गणित शिकवलं आणि परीक्षेच्या वर्गात सगळ्यात साळसूद दिसणाऱ्या पोरावर आधी नजर ठेवली. दादाने तोच संशय थेट अंतराळात नेला.

त्याचं काम मला कळायला बरीच वर्षं गेली. फार दूरचं, फार अंधूक असं काही आकाशात पाहायचं तर दुर्बिणीचा आरसा अवाढव्य हवा, आणि तेवढा आरसा कुठल्याच रॉकेटमध्ये मावत नाही. म्हणून तो तुकड्यातुकड्यांनी वर पाठवायचा आणि तिथेच यंत्राच्या हाताने जोडायचा. हे तुकडे ज्या सांगाड्यावर बसायचे, त्या सांगाड्याचे सांधे दादा करत होता. नोकरी एका छोट्या कंपनीत, कंपनीचा गाळा वालीवला, घर एव्हरशाईन सिटीत. गाळ्यात सांगाड्याचे भाग छताला दोऱ्यांनी, उलटी वजनं लावून टांगलेले असत; वर वजन नसतं म्हणून इथेही ते जाणवू द्यायचं नाही. शेजारी पंख्यांचे आणि नळांचे कारखाने. "वर अडकलं तर पाना घेऊन कोण जाणार, तू?" असं तो मला विचारायचा.

गेल्या वर्षी सांधा एकदाचा जुळायला लागला. एकदा नाही, दर वेळी. गाळ्यात पेढे वाटले गेले आणि दादाचं तोंड उतरलं. "इतकं सुरळीत? काहीतरी घोळ आहे." मापं तपासून झाली, यंत्र तपासून झालं, शेवटी तो माणसांकडे वळला आणि सगळ्यांना नकोसा झाला. मग एका रविवारी जेवताना त्याने वहिनीला गॅलरीचं दार लावताना पाहिलं.

"तू दार उचलून लावतेस," तो म्हणाला.

"मग? ते तसंच लागतं."

"कधीपासून?"

"मला काय माहीत? हाताला सवय झालीय."

दादा ताटावरून उठला तो तडक वालीवला गेला. टांगलेला भाग डोलायचा, म्हणून कुणीतरी त्याला नुसता तळवा लावून स्थिर धरायचं. तो तळवाच लबाडी करत होता! खाच जरा वाकडी लागली की हात आपोआप तिला सरळ वाट दाखवायचा, आणि हातवाल्याला पत्ताही नसायचा. हात काढला तेव्हा सांधा कधी बसला, कधी रुतला. दादाने तो पास करायला साफ नकार दिला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर कंपनीचे प्रमुख मराठे घरी आले. डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं असं मी अजूनही मानते. सांध्याला दादाचं नाव द्यायचं ठरलं होतं, पाटी वहिनीच्या हस्ते लागायची होती. "जायच्या आधी अविनाश मला म्हणाले होते, आता झालंय, चालेल." तिथेच माझे कान टवकारले. चालेल? माझा भाऊ चहालासुद्धा 'बघू' म्हणायचा! मराठे गेल्यावर मी वहिनीला म्हटलं, उद्या हा सांधा वर अडकला तर अडकलेल्या सांध्याचं नाव काय असेल, सांग. ती थकून म्हणाली, "वीणाताई, जाऊ द्या ना. माणूस गेलाय, निदान नाव तरी राहील." दादाच्या नावावर कुणीतरी अंगठा उठवतंय असं वाटून मला संताप येत होता. झोपही लागेना.

कार्यक्रमाला गाळा झाडून लख्ख केला होता. दादाचा हार घातलेला फोटो, समोसे, आणि वहिनीच्या हातात पितळी पाटी. यंत्राच्या हाताने एक भाग पुढे आणला, तो जरा डोलला, आणि मराठेंनी मायेने त्यावर तळवा ठेवला. खट्ट! टाळ्या वाजल्या. मी तोंड उघडणार, तोच वहिनी म्हणाली, "परत करा. आता कुणी हात लावू नका."

"वहिनी, आज कशाला..." मराठे म्हणाले.

"आजच."

डोलणं आपोआप थांबेपर्यंत सगळे ताटकळले. मग यंत्र पुढे सरकलं, करकर आवाज झाला आणि सांधा अर्ध्यावर तिरका होऊन रुतला. मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी रडू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मराठे तो सोडवायला धावले, तर वहिनीने त्यांना अडवलं. "तसाच राहू द्या. ह्यांनी इथेच सोडलंय. तुम्हाला इथूनच पुढे न्यायचंय."

"आणि पाटी?" त्यांनी हळूच विचारलं.

वहिनीने ती पिशवीत घातली.

ती आता दादाच्या टेबलावर पालथी ठेवलेली असते. परवा धूळ पुसताना मी ती सहज सुलटी केली, तर आतून वहिनीचा आवाज आला, "वीणाताई, पालथीच राहू द्या. अजून झालेलं नाही."