पाठीने निवडलेली केबिन

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, गाद्या विकतात. गादी डोळ्यांनी घ्यायची नसते, पाठीने घ्यायची असते, हे त्यांचं ब्रीद. गिऱ्हाईक दुकानात आलं की ते त्याला आडवं पाडतात, डोळे मिटायला लावतात आणि चकार शब्द काढू देत नाहीत. डोळे उघडे राहिले की माणूस कापडावरच्या फुलांना भुलतो म्हणे.

दुकानापुरतं हे ठीक होतं. पण या गृहस्थांनी सगळा संसारच पाठीने निवडला. घर घेताना रिकाम्या खोलीत सतरंजी टाकून पडले, रस्त्याचा आवाज येत नाही याची खात्री केली आणि व्यवहार पक्का केला. आवाज येणार कुठून? खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती. ती अजूनही आहे. ताई त्या भिंतीकडे बघत भाजी चिरते, तिच्याकडे बघतच केस विंचरते. भिंतीवरून खाली येणारा सांडपाण्याचा पाइप हा तिचा देखावा. तिने कधी कुरकूर केली नाही, आणि याचाच मला राग येतो.

मग एकदा दातांच्या डॉक्टरकडे बसली असताना तिने मासिकात नदीवरच्या आलिशान बोटीचं चित्र पाहिलं. पांढराशुभ्र पलंग आणि पायथ्याशी भिंतभर काच, काचेत नदी. घरी येऊन म्हणाली, "मला एकदा अंथरुणात पडून नदी बघायची आहे." भावोजी एका पायावर तयार. माणूस कंजूष नाही, हे मलाही मान्य करावं लागतं. मला आणि बायकोलाही सोबत ओढलं.

मग केबिन निवडायला सुरुवात झाली, आणि ट्रॅव्हल एजंट बाईंवर संकट कोसळलं. भावोजी बोटीचा नकाशा घेऊन त्यांच्या ऑफिसातल्या सोफ्यावर आडवे झाले. इंजिन मागे, म्हणून मागची केबिन बाद. पुढे नांगराची साखळी खडखडते, पुढचीही बाद. लिफ्टशेजारी घंटी वाजते, स्वयंपाकघराच्या वर असलं की खालून भांडी आपटतात, डेकखाली असलं की सकाळी डोक्यावर लोक चालतात. बाई बिचाऱ्या म्हणाल्या, "सर, एक सांगते. या बोटी रात्री चालतात आणि दिवसा काठाला लागतात. धक्क्यावर जागा कमी असते, म्हणून दोन बोटी खेटून बांधतात. तेव्हा डावीकडून..."

"खेटल्यावर आवाज होतो?"

"नाही, मध्ये रबर असतं."

"मग झालं तर!" आणि सोफ्यावरूनच त्यांनी डावीकडची, मधली, सर्वांत महागडी केबिन पक्की केली. उजवीकडे दुपारचं ऊन येतं, झोपमोड होते.

एवढ्यावर त्यांचं समाधान होईल तर ते भावोजी कसले! दुकानात जमिनीवर खडूने केबिन आखली. दोन गाद्या टाकल्या, त्यांवर आम्हा भावाबहिणीला पाडलं आणि स्वतः मध्ये घुसले.

"डोळे मिटा," भावोजी म्हणाले.

"अहो, खिडकी कुठे आहे?" ताईने विचारलं.

"आहे, पायाकडे. मोठी आहे. तू डोळे मीट."

"त्यातून पाणी दिसेल ना? बाकी काही नको मला."

"शू! इंजिनाचा अंदाज घेऊ दे." दुकानात इंजिन कुठलं यायला? पण भावोजी डोळे मिटून कान लावून पडले होते, आणि ताई समोर रचलेल्या फोमच्या थप्पीकडे बघत होती.

मी मात्र एजंट बाईंना म्हणालो, उरलीसुरली केबिन द्या. मिळाली सगळ्यांत खालची, उजवीकडची, इंजिनाला चिकटून. खिडकी छताजवळ, उशीएवढी. तिच्यातून नीट बघायचं तर पलंगावर गुडघे टेकून उभं राहावं लागे. बोटीवर चढल्यावर भावोजींनी माझ्या गादीवर नुसता हात दाबला आणि "मेहुणेबुवा, दुःखद," म्हणाले.

पहिल्या सकाळी बोट लागली. ताईने पडदा सरकवला. हातभर अंतरावर दुसरी बोट आणि तिच्या भिंतभर काचेत दात घासणारे एक आजोबा. दोघांनी घाईघाईने पडदे ओढले. दुसऱ्या दिवशीही आजोबाच! ती बोट आमच्याच वाटेने निघाली होती आणि रोज सकाळी आमच्या आधीच धक्क्याला लागून डावीकडे हजर. भावोजी मजेत होते. "कसली शांतता आहे बघ!" ताई म्हणाली, "हो." पुन्हा तेच हो, भिंतीसमोरचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिचा हात धरला आणि तिला खाली माझ्या केबिनमध्ये आणलं. बायको नाश्त्याला गेली होती.

ताई पलंगावर गुडघे टेकून उभी राहिली. पाणी अर्ध्या काचेपर्यंत आलं होतं. बदकांची एक रांग इतक्या जवळून गेली, की त्यांचे केशरी पाय पाण्याखाली चालताना दिसले. ताई हसली. मी तिला असं हसताना लहानपणी पाहिलं होतं. 

एवढ्यात तिला शोधत भावोजी आले. सवयीने आधी गादीवर आडवे झाले आणि सवयीनेच डोळे मिटले. "अगं, इथे काय करतेस? स्प्रिंगा मेल्यात या गादीच्या. रात्री इंजिन तर मणक्यात वाजत असेल."

"डोळे उघडा," ताई म्हणाली.

त्यांनी उघडले. काचेवर लाट चढून उतरत होती आणि तिचा उजेड छतावर हलत होता. भावोजी उठून बसले. मग तिच्याशेजारी गुडघे टेकले आणि मान वाकडी करून बाहेर बघू लागले.

"एवढं हवं होतं, तर आधी सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं," ताई म्हणाली. "तेव्हा तुमचे डोळे मिटलेले होते."

"भावोजी, मान अवघडेल," मी म्हणालो.

"अवघडू दे," ते म्हणाले आणि खिशातून महागड्या केबिनची चावी काढून, मागे न बघताच माझ्यापुढे धरली.