कुलकुलांचं ताट

वडील बंगळूरच्या पेटेतल्या, म्हणजे जुन्या गावठाणातल्या, मराठी घरातले आणि आई कॅन्टोन्मेंटातली अँग्लो-इंडियन, फ्रॉक घालणारी. त्यामुळे पन्नासच्या दशकात शहराच्या दोन्ही टोकांना माझ्या रंगाची चर्चा चाले. पेटेत मी ‘दोरसानी’, म्हणजे गोरी मडम. चर्चमध्ये मात्र ‘जरा जास्तच काळी’. एका बसच्या तिकिटात एवढा रंग बदलणारी मुलगी गावात दुसरी नसावी.

आत्याच्या घरी मला माजघरापर्यंत मुभा होती, अर्धी त्यांची होते ना! आईला मात्र कधीच बोलावणं नाही. तिला ते फार लागायचं, पण ती हार मानणाऱ्यातली नव्हती. मराठी घरातून कुणाचं ताट रिकामं परत पाठवत नाहीत, हे तिला वडिलांकडून कळलं. झालं! दर नाताळाला ती कुलकुलं तळायची (शिंपल्यासारखी वळलेली शंकरपाळीच ती) आणि ताट माझ्या हाती देऊन मला पेटेत धाडायची. आत्या अंड्याच्या धास्तीने ती सगळी माझ्यादेखत गाईला घालायची आणि रीत मोडवेना म्हणून ताटात चिवडा भरून द्यायची. नाताळची वाट माझ्याइतकीच ती गायही बघत असावी.

एका वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी आत्याने विचारलंच, “अंडं घालतीय काय गं तुझी आई ह्याच्यात?”

“कधीच नाही. तुमच्यासाठी तूपसुद्धा वेगळं घेते.”

“मग इतकी वर्षं सांगायचं नाही काय?”

“तू विचारलंच नाहीस.”

आत्याने एक तोंडात टाकलं. “स्वल्प गोड जास्त,” म्हणाली आणि ताट ठेवूनच घेतलं. मी हात हलवत घरी आले. आत्याने एक खाल्लं हे मी सांगूनही, ताट परत आलं नाही म्हणजे संबंधच तुटले, असं समजून आई रडली.

नाताळच्या सकाळी आत्या आमच्या दारात. हातात तेच ताट, त्यात करंज्या आणि कुंकवाची कोयरी.

“अक्का, आत या,” आई कशीबशी म्हणाली.

“आधी टोपी काढ.”

आईने चर्चला जायची हॅट काढली, कपाळ पुढे केलं. कुंकू लावून आत्या म्हणाली, “संक्रांतीला घरी ये. ताट नाही आणलंस तरी चालतं.”

आम्ही चर्चला उशिरा पोचलो. आईने कुंकू पुसलं नव्हतं. आमच्या बाकावरच्या बायका तिच्याकडे बघून दूर सरकल्या. मला आईचा इतका अभिमान वाटला, की त्या मोकळ्या जागेत मी ऐसपैस बसले.