कल्हईचं पातेलं

तपासणीच्या दिवशी सकाळी बायको आडावर गेलेली पाहून मी तिचं तांब्याचं पातेलं पिशवीत घातलं, आणि आत डोकावून बघितलंसुद्धा नाही. विज्ञान शिकवणाऱ्याने एवढं तरी बघावं. पण बाहेरून ते लालबुंद होतं आणि मला घाई होती.

सत्तरच्या दशकात जिंतूरच्या एका शाळेत मी तात्पुरता मास्तर होतो. म्हणजे उन्हाळा घरी काढायचा आणि जूनमध्ये पुन्हा बोलावणं येतं का, याची वाट बघायची. त्या दिवशी खात्याचे साहेब माझा तास बघून मला कायम करायचं की नाही ते ठरवणार होते. धडा होता दोन धातूंपासून वीज. शाळेची तांब्याची पट्टी आदल्या दिवसापासून सापडेना, म्हणून हे पातेलं.

साहेब मागच्या बाकावर बसले. जुन्या सेलचा जस्ताचा पत्रा आणि लोखंडी सळई मी पातळ ॲसिडात बुडवली. मीटरचा काटा जरासा हलला. "आता लोखंडाच्या जागी तांबं!" असं म्हणून मी ऐटीत फळ्यावर आधीच लिहून टाकलं, एक व्होल्ट. पातेल्यात ॲसिड ओतलं, मधोमध जस्त लटकवलं, तारा जोडल्या.

काटा निम्म्यावर जाऊन बसला.

तारा पिळल्या. काचेवर टिचकी मारली. जस्त वर घेतलं, खाली घेतलं. खडूच्या हातानं घाम पुसला, तशी पोरं फिदीफिदी हसली. मी खिडकी उघडली, परत लावली. खिडकीचा विजेशी काय संबंध, ते मला आजही सांगता येणार नाही.

साहेब उठून जवळ आले. "मास्तर, यात तांबं कुठाय?"

"हे काय साहेब, पातेलं."

"आत बघा की."

आत चांदीसारखं पांढरंशुभ्र! वरण कळकू नये म्हणून बायकोनं नुकतीच कल्हई करून घेतली होती. मी मघापासून तांब्याला विचारत होतो आणि उत्तर देत होतं कथील.

"मग आता?" साहेब म्हणाले.

पातेलं उचलून कोपऱ्यात लपवावं असं वाटलं. तेवढ्यात त्याची लाल बाजू दिसली. ॲसिड कोपऱ्यातल्या रिकाम्या मातीच्या कुंड्यात ओतलं आणि रिकामं पातेलं त्यात बुडाकडून ठेवलं. बाहेरून तर ते तांबंच होतं! जस्त बाजूला धरलं. काटा सरकत सरकत एकाजवळ गेला, तशी पोरं ओरडली.

जाताना साहेब म्हणाले, "जूनची काळजी करू नका. पण शाळेला पट्टी घ्यायला लावा. घरात भांडण नको."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती हसली. मग पिशवीतून पातेलं काढून तिनं आत बघितलं. ॲसिडानं कल्हईवर काळे चट्टे पडले होते.

"कायम झालात, लय चांगलं झालं," ती म्हणाली. "आता चपला काढू नका, असंच कल्हईवाल्याकडं जावा. अन् त्याला म्हनावं, नीट कर बाबा, काम झाल्यावर मी काटा लावून बगनार हाय."