धुतलेलं करडू

धाकटे, तुला जाऊन तीन वर्षं झाली आणि पत्र आत्ता लिहितेय. तू म्हणायचीसच, "ताई परीक्षेला वेळेवर पोचते, माणसांकडे नाही."

आई गेली तेव्हा तू नववीत होतीस, मी कॉलेजात. दोघींपैकी एकीनं घरी राहायला हवं होतं. गणितात तू माझ्या चार पावलं पुढे होतीस, हे वडिलांना ठाऊक होतं आणि मलाही. तरी राहिलीस तू. दोन एकर जमीन, सात शेळ्या, दीड डझन कोंबड्या आणि विहिरीलगतची बाग. पुढे एक स्थळ आलं, माणूस बरा होता. "शेळ्या घेऊन आले तर चालेल का, विचारा त्याला," म्हणालीस. त्यानं ते हसण्यावारी नेलं. तू नाही नेलंस.

वसंतात मी रजा काढून यायचे, तेव्हा तुला मान वर करायला फुरसत नसायची. शेळ्या तेव्हाच व्यायच्या, वेलांना काठ्याही तेव्हाच लावायच्या असायच्या, आणि कोंबड्या नेमक्या तेव्हाच खुडूक बसायच्या. मी ओट्यावर पुस्तक उघडलं की तुझा टोला यायचा, "प्राध्यापकीणबाई, ती कोंबडी बघा. बसल्या बसल्या काहीतरी उबवते तरी!"

पाच वर्षांमागे आपली हेडबाई शेळी व्याली आणि गेली. आईनं पाळलेल्या शेळीच्या वंशातली आपल्याकडे उरलेली ती शेवटची. मागे एक मादी करडू ठेवून गेली. त्याच सकाळी तरण्या काळीचं करडू जन्मून तासाभरात गेलं होतं. तू गोठ्यात फतकल मारून बसलीस, मेलेल्या करडाचं कातडं सोललंस, पायांसाठी भोकं पाडलीस आणि ते पोरक्या करडाला कोटासारखं चढवलंस.

मी नाकाला पदर लावला. "हे काय गं?"

"काळीला तिच्या पोराचा वास यायला हवा. दोन दिवस असंच ठेवायचं. मग तिचं दूध याच्या अंगात मुरतं, तिचाच वास येतो, कातडं लागत नाही."

काळीनं हुंगलं, थबकली आणि पाजू लागली. तू रडलीस. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. "आईची शेळी राहिली गं घरात," म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी तू तापानं फणफणलीस. "करडाला तसंच राहू दे," एवढं बजावून झोपलीस. मला वाटलं, तापात बरळतेय. दुपारी जाऊन बघते, तर कातड्यावर माश्या घोंघावतायत, घाण सुटलेली. माझं शिकलेलं डोकं चाललं. कातडं उकिरड्यावर फेकलं, करडाला कोमट पाण्यानं साबण लावून धुतलं, माझ्या टॉवेलनं पुसलं. कापसासारखं दिसत होतं. काळीनं एकदा हुंगलं आणि धडक मारली. ते धडपडत उठलं, पुन्हा कासेकडे गेलं, पुन्हा धडक. मी उकिरड्याकडे धावले. कातडं कुत्र्यांनी कधीच नेलं होतं.

तू चादर गुंडाळून दारात आलीस. करडाला जवळ घेऊन वास घेतलास.

"साबण कुठला?"

"मोरीतला. तुझाच."

"छान वास येतोय," म्हणालीस.

शिवी दिली असतीस तर मी सुटले असते.

चार दिवस तू अंगात कणकण असताना त्याला बाटलीनं पाजत राहिलीस. पाचव्या सकाळी ते गेलं. पुरून आलीस, हात धुतलेस आणि वेलांच्या काठ्या घेऊन वाफ्यात उतरलीस. मी मागोमाग गेले, कारण माफी कशी मागतात हे कॉलेजात शिकवत नाहीत.

काठी रोवता रोवता तूच बोललीस. "नदीपलीकडच्या लोहारणीला आईनं एक करडू दिलं होतं. त्याचा वंश असेल तिच्याकडे. एक मादी मागून आणू. माझा गुडघा एवढं चालू देत नाही. तू बरोबर असलीस तर बसत उठत जाऊ."

"रविवारी जाऊ," मी म्हणाले. शनिवारीच निघाले, पेपर तपासायचे होते. पुढच्या वसंतात दोनच दिवस आले. त्याच्या पुढच्या वसंतात तू अंथरुणाला खिळली होतीस, तरी विचारलंस, "लोहारणीकडे कधी?" मी म्हणाले, "तू उठलीस की."

परवा नदीच्या पुलापर्यंत जाऊन आले. ओलांडला नाही. लोहारणीनं चार करडं पुढ्यात उभी केली असती, तर आईच्या शेळीच्या वंशातलं कुठलं, हे मला कुठं कळणार होतं?