चिंचेआडून दार सुटलं की

कायाकच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या हलक्या होडीच्या, नाकावर नारळ फुटत नाही, हे ज्ञान मला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये झालं. चांगोकाकांनी पहिला घाव घातला तेव्हा नारळ उडाला आणि कुणाच्या तरी स्कूटरखाली गेला. दुसऱ्या वेळी तो माझ्या पायाशी आला. तिसऱ्या वेळी काकांनी सगळा जोर लावला, तर कायाकच हातभर सरकली आणि नारळ होता तसाच. शेवटी त्यांनी तो बाजूच्या कट्ट्यावर फोडला, पाणी त्या पिवळ्या प्लॅस्टिकवर शिंपडलं आणि कुणाकडेही न बघता करवंट्या गोळा केल्या. मालूकाकू, त्यांच्या बायको, हळदकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या. "लाकडाच्या होडीवर एका घावात फुटायचा," त्या म्हणाल्या. 

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. पनवेलच्या एका शाळेत शिकवते, आणि माझ्या गाडीच्या टपावर सामान बांधायचा कॅरियर आहे. या शेवटच्या गुणामुळे माझी या प्रकरणात वर्णी लागली. "बाई, रविवारी सकाली खाडीवर यायचा का? होडी न्यायची हाय," काकांनी विचारलं. रविवारची सकाळ मी माझ्या नवऱ्यालाही देत नाही. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण साठीचा माणूस सहलीला निघालेल्या पोरासारखा माझ्याकडे बघत होता, आणि माझ्या तोंडून "किती वाजता?" असं निघून गेलं.

चांगोकाकांचं गाव आता नाही. विमानतळासाठी खाडीकाठची जी गावं उठली, त्यांतलं ते एक. घराच्या बदल्यात इकडे करंजाड्याला प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डरने इमारत उभी केली आणि काका तिच्यात चौथ्या मजल्यावर राहायला आले. लोक त्यांना शेठ म्हणतात. शेठ म्हटलं की ते कसनुसं हसतात. हा शेठ रोज सकाळी गच्चीवर टाकीपाशी जाऊन उभा राहतो, खाडीच्या दिशेने तोंड करतो आणि मनातल्या मनात तिथी मोजून "आता भरती लागली असंल" असं पुटपुटतो, हे मी कपडे वाळत घालताना कितीदा ऐकलं आहे. खाडी आमच्या गच्चीवरून दिसत नाही. मध्ये बारा मजली इमारती आहेत.

त्यांचे वडील मिठागरात राबायचे आणि मिठागराचं काम नसेल तेव्हा लहानशा लाकडी होडीतून खाडीत गरी टाकायचे. गरी म्हणजे दोरी आणि गळ, जाळं नाही. खाडीच्या तळाशी कालवांचा, म्हणजे दगडाला चिकटलेल्या शिंपल्यांचा, एक खडक होता. त्याच्या आडोशाला जिताडा बसायचा. जिताडा काय हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही; बाहेरच्यांसाठी सांगते की व्याही जेवायला येणार असले की ज्या माशासाठी चार दिवस आधीपासून धावपळ होते, तो हा. खडक पाण्याखाली, वरून काही दिसत नाही. मग तो सापडायचा कसा? त्यासाठी वडिलांनी चांगोकाकांना एक खूण दिली होती. उलव्याच्या डोंगराला एक खांड, म्हणजे माथ्यावर खाच, होती, आणि गावाच्या वेशीवर चिंच. खांड बरोबर चिंचेच्या डोक्यावर आणायची आणि त्याच रेषेत होडी हाकायची. हळूहळू चिंचेच्या खोडाआडून आपल्या घराचं दार दिसू लागतं. दार पुरतं सुटलं की थांबायचं. खाली खडक. "दार सुटला का गरी सोड," एवढंच वडील म्हणायचे, आणि काकांनी तीस वर्षं तेवढंच केलं.

गाव उठलं तेव्हा होडी तिथेच राहिली. ती भरावाखाली गेली असं कुणीतरी नंतर सांगितलं. काकांनी त्यावर कधी आवाज चढवला नाही, पण त्यानंतर त्यांनी जिताडा खाणं सोडलं. मी एकदा त्यांना म्हटलं, अहो, मार्केटात मिळतो की. तेव्हा ते म्हणाले, "मना जिताडा नको बाई. मना ती जागा पायजे. एकदा तिथं गरी टाकायची हाय. मंग नाय सापडला मासा तरी चालंल." कायाक त्यासाठी होती. दुसरं कसलंही कारण नव्हतं.

दुकानातल्या मुलाने विचारलं होतं, एका माणसाची दाखवू की दोघांची? काकांना प्रश्नच कळला नाही. होडी एकट्याची असते काय? एक वल्ह्यावर, एक गरीवर, हे त्यांच्या अंगात बसलेलं. गरीवर काका आणि वल्ह्यावर त्यांचा धाकटा भाऊ काळूराम, अशी जोडी होती. म्हणून दोघांची घेतली. काळूरामचा आता खडीच्या डंपरांचा धंदा आहे. त्याने फोनवर "येतो येतो" म्हटलं, रविवारी सकाळी फोन उचलला नाही, आणि काका त्याची वाट बघत इमारतीच्या फाटकात पाऊण तास उभे राहिले. मला भयंकर राग आला. मी माझी झोप मोडून आले होते आणि तो सख्खा भाऊ असून लोळत पडला होता.

शेवटी आम्ही तिघंच निघालो. खाडीच्या अलीकडच्या काठावर एक जुना धक्का आहे, तिथून कायाक पाण्यात सोडली. काकांनी नारिंगी जॅकेट चढवलं, गळाला लावायच्या जिवंत कोळंबीचा डबा पायाशी घेतला आणि मागच्या जागेवर बसले. पुढची जागा रिकामी, त्यामुळे कायाकचं नाक वर उचललं गेलं होतं. मालूकाकू धक्क्यावर पदर सावरून बसल्या. त्यांच्या सासरी बाईमाणसाने होडीत पाय ठेवायचा नाही अशी रीत होती, आणि त्या रीतीबद्दल मी दोन शब्द बोलायला लागले तेव्हा त्यांनी मला चहाचा थर्मास दिला. मी चहा प्यायले.

काका छान गेले. वल्हं दोन्ही बाजूंनी मारायचं तंत्र त्यांनी दहा मिनिटांत उचललं. मग मधोमध पोहोचल्यावर थांबले. वळले. थोडं पुढे गेले, परत मागे आले. पुन्हा वळले. एकदा त्यांनी वल्हं मांडीवर ठेवून डोळ्यांवर हात धरला आणि बराच वेळ वर बघत राहिले. दीड तास हे चाललं होतं. गरी काही त्यांनी बाहेर काढली नाही.

परत आल्यावर कायाकमधून उतरलेसुद्धा नाहीत. पाण्यात बसूनच म्हणाले, "डोंगर नाय."

"काका, डोंगर कापून किती वर्षं झाली," मी म्हटलं. "उरणला जाताना तुम्ही रस्त्यावरून बघताच की."

"रस्त्यावरनं बगतो. पान्यातनं नवता बगितला." थोडं थांबून म्हणाले, "मी खांड शोदीत होतो बाई. डोक्यात ठाव हाय का नाय ती. पन पान्यात बसलो आनि मान आपोआप वर गेली."

मला वाईट वाटलं.  डोंगर नाही, चिंच नाही, दार तर नाहीच. पलीकडे उंच भिंत आणि तिच्यामागून दर थोड्या वेळाने एक विमान उठतं. एवढा अख्खा माणूस, आणि त्याला आपल्याच खाडीत उभं राहायला दोन खुणा सापडेनात. मी पुढे झाले आणि कायाक धक्क्याला ओढून धरली.

कायाक टपावर बांधून आम्ही परत निघालो. वाटेत सिग्नल लागला तेव्हा मागच्या सीटवरून मालूकाकू म्हणाल्या, "खडक मना ठाव हाय."

काकांनी मान वळवली. "तुना कसा ठाव?"

"कालवा कोन काढायचा? तुमी?"

तेव्हा मला कळलं आणि, माझी खात्री आहे, काकांनाही तेव्हाच कळलं. उधाणाच्या दिवसांत ओहोटी मोठी लागते, पाणी पार मागे हटतं. तेव्हा गावातल्या बायका कोयत्या घेऊन चिखलातून त्याच खडकावर कालवं काढायला जायच्या. बाप्यांना तो खडक वरून माहीत, डोंगराच्या हिशेबाने. बायकांना खालून, पायाने. पाणी उतरलं की मधली नाळ, म्हणजे खाडीतली पाण्याची वाट, एका जागी फुटून दोन होते. तिच्या डाव्या फाट्याने गेलं की आधी गुडघ्याएवढा चिखल, मग पोटरीएवढा, मग तळव्याला खरखर. "वर कशाला बगायचा?" काकू म्हणाल्या. "आमी कवा डोंगर बगितलाच नाय."

"चालीस वर्सात बोलली नाय."

"तुमी इचारला कवा?"

  इमारतीपाशी गाडीतून उतरताना काका पुटपुटले, "पन बाईमानूस होडीत..." तेव्हा काकूंनी कायाककडे बोट केलं आणि म्हणाल्या, "हिच्यावर नारल फुटला काय? नाय ना? मंग ही होडी नाय." काकांनी कायाकचं एक टोक उचललं. मला टाळी वाजवावीशी वाटली, पण कायाकचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

अमावास्येच्या उधाणाला आम्ही पुन्हा गेलो. काकू लुगड्याचा काष्टा मारून, वर नारिंगी जॅकेट चढवून पुढच्या जागेवर बसल्या. कायाकचं नाक खाली आलं आणि ती पाण्यावर सरळ झाली. मी धक्क्यावरून बघत होते. पाणी उतरत होतं. काकू नुसता हात दाखवत होत्या, इकडे, तिकडे, आणि काका त्या हाताबरोबर कायाक वळवत होते. मग काकूंनी काकांकडून वल्हं मागून घेतलं आणि त्याचं टोक पाण्यात खुपसत राहिल्या. बऱ्याच वेळाने हात वर केला. दोन्ही नारिंगी जॅकेटं तिथेच थांबली, भिंतीकडे तोंड करून, चांगला अर्धा तास. मला वाटलं, गरी टाकली.

परत आले तेव्हा मी डब्यात डोकावले. कोळंबी सगळी जिवंत होती, एकही कमी झाली नव्हती. "मासा कुठंय?" मी चेष्टेने विचारलं. काका म्हणाले, "खडक हाय बाई. वरती चिखल बसलाय हातभर, पन खाली हाय." आणि तोंड धुवायला गेले.

पाण्यावर काय झालं ते मला मालूकाकूंनी पुढच्या आठवड्यात सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता. वल्ह्याचं टोक खाली कट्कन वाजलं, तेव्हा त्यांनी भिंतीकडे बघून विचारलं, "इथनं आपला घर कसा दिसायचा?" लग्नानंतर तीस वर्षं काकू त्या घरात राहिल्या, पण पाण्यावरून त्यांनी ते एकदाही पाहिलं नव्हतं.

मागून काका म्हणाले, "घर कुटला? नुसता दार. बारीक. बाबा सांगायचा दार सुटला का थांब. पन दार मना नीट दिसायचाच नाय. दारात तू उभी असायचीस, तुजा लुगडा दिसायचा. मी तुना बगून थांबायचो."

काकूंना मागे वळून बघता येईना, कायाक डुलत होती. त्या पुढेच बघत म्हणाल्या, "मी बी होडी थांबायची वाट बगायची. थांबली का आत जायची, भात टाकायला."

"ठाव हाय. तू आत गेलीस का मी गरी सोडायचो."

 गरी काकांच्या हातात होती, कोळंबी लावलेली. वरून एक विमान गेलं. 

"आता कुटं आत जाऊ?" काकू म्हणाल्या.

काकांनी गळावरची कोळंबी काढून परत डब्यात सोडली.