श्रीलंकेत नातीची पकड

माझी नात भारताच्या महिला रग्बी संघातून श्रीलंकेच्या दौऱ्यावर गेली, त्या आठवड्यात दवनीवाड्याला आमच्या बांधीत, भाताच्या खाचरात, धानाची रोवणी चालू होती. दौऱ्यात तीन सामने होते. पहिला आपण हरलो, दुसरा जिंकलो. दुसऱ्या सामन्यात नात मैदानावर दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"आबाजी, मले बाहेर बसवलं."

"काऊन?"

"पहिल्या सामन्यात तीनदा शिट्टी वाजली माझ्यावर. समोरचीले पाडलं का लगेच सोडा लागते. मी धरूनच राहिली. तिसऱ्या पेनल्टीवर आपण हारलो."

"हे तुले ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक हाय ना! हात ऐकत नाही. परवा अखेरची संधी देतो म्हणले कोच. असंच चाललं तं पुढच्या संघात नाव नाही."

हात ऐकत नव्हते, याला कारण मी. वनखात्यातून निवृत्त झाल्यावर मी गावातल्या मुलींना कबड्डी शिकवली. चढाईला आलेली मुलगी बाद झाल्याची शिट्टी वाजेपर्यंत पकड सुटता कामा नये, हा माझा पहिला धडा. घोटा धरण्यात नातीचा हात तालुक्यात कोणी धरत नसे. त्या पकडीमुळेच तिची रग्बीसाठी निवड झाली आणि त्याच पकडीने आता तिला बाकावर बसवले. रग्बीत पाडलेल्या खेळाडूला सोडायचे, स्वतः पायांवर उभे राहायचे आणि मगच चेंडूला हात घालायचा. हाती आलेली शिकार सोडून पुन्हा मागायला जावे, तसा हा प्रकार मला वाटला. पण नियम तो नियम.

दिवसभर विचार केला. उत्तर बांधीत सापडले. मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभा राहून रोवणाऱ्या बायांचे हात पाहत होतो. पऱ्हा चिखलात दाबला की बोटे त्याच क्षणी मोकळी होतात. धरून ठेवली तर रोप हाताबरोबर वर येते. हे काम नातीने लहानपणापासून केले होते.

संध्याकाळी मी तिला फोन केला.

"समोरची म्हणजे पऱ्हा समज. दाबाचा न हात काढाचा."

"आबाजी, सत्तर किलोची हाय ते!"

"मोठा पऱ्हा समज."

ती बराच वेळ हसली. मी फोन ठेवला.

तिसऱ्या सामन्याच्या दुपारी बायांनी शिदोऱ्या सोडल्या आणि उपड्या घमेल्याला टेकवून ठेवलेल्या माझ्या फोनभोवती त्या गोळा झाल्या. तिकडे पाऊस झालेला होता. चिखलाने खेळाडू ओळखू येत नव्हत्या.

"बाप्पा!" शेजारीण म्हणाली. "चिखलातच लोळाचं होतं तं लंकेले कायले गेली हे? आपल्या बांधीत चिखल कमी होता का?"

"तिथं मंग लोळल्यावर टाळ्या भेटते," नातीची आजी म्हणाली. "इथं तुह्या शिव्या."

उत्तरार्धात नात मैदानात उतरली. तिने पहिल्याच मुलीला पाडले आणि धरून ठेवले. शिट्टी वाजली. पंचांनी तिला बोलावून ताकीद दिली. शेजारणीच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला.

सामना संपत आला तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. श्रीलंकेची एक उंच मुलगी चेंडू घेऊन भारताच्या रेषेकडे धावत सुटली. नातीने तिला घोट्यात धरून चिखलात आडवे केले.

"सोड वो!" शेजारीण ओरडली.

नातीचे दोन्ही हात वर गेले. ती उठली, पायांवर उभी राहिली, खाली वाकली आणि चेंडू उपटून घेतला. शिट्टी वाजली नाही. चेंडू तिच्याकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे गेला आणि तिसरीने तो थेट त्यांच्या रेषेपलीकडे टेकवला. आपण सामना आणि दौरा दोन्ही जिंकले. त्यानंतर आमच्या धुऱ्यावर जो गोंधळ झाला, त्यात घमेल्याला धक्का लागला आणि फोन बांधीत पडला. तो चिखलातून काढून पुसला, तर चालू होता.

चार दिवसांनी नातीने कळवले की पुढच्या संघाच्या यादीत तिचे नाव आहे.

"बरं झालं," मी म्हणालो.

"एवढंच? आबाजी, खुश तं झाले ना?"

"खेळ नियमानं झाला."

आजीने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "खोटं बोलून राहिला बुढा. धुऱ्यावर नाचला. पाय घसरून बांधीत बसला. दोन ओळी पऱ्हे दाबले यानं, मलेच पुन्हा रोवा लागले."

मी नाचलो नव्हतो. घसरलो होतो, हे खरे.