दोन सह्यांची पेटी

निवृत्तीनंतर मी बँकेत बायकोसोबत जॉइंट खातं उघडलं आणि फॉर्मवर नको त्या चौकोनात खूण केली. एक चौकोन होता 'दोघांपैकी कोणीही', दुसरा 'दोघांनी मिळून'. मला दुसरा जास्त संसारी वाटला. एवढी वर्षं सगळं मिळूनच केलं, मग बँकेशीच वेगळं कशाला, म्हणून मी गहिवरलो. त्या भरात माझं एकट्याचं जुनं खातंही बंद करून टाकलं. घरखर्च बायकोच्या पगारातून चालायचा. माझं एटीएम कार्ड काही येईना, तर मी आठ महिने पोस्टाला शिव्या घातल्या.

बायकोला फार दिवसांपासून पेटी शिकायची होती. विश्रांतवाडीत एका दुरुस्तीवाल्याकडे जुनी पण गोड आवाजाची पेटी मिळाली. दुसऱ्या दिवशी लग्नाचा वाढदिवस, तेव्हा ती गुपचूप आणायची होती. तो म्हणाला, "संध्याकाळी सातपर्यंत वाट बघतो. नाहीतर वाघोलीचं गिऱ्हाईक तयारच आहे."

मी ऐटीत बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी स्लिप परत सरकवली.

"दुसरी सही कुठंय?"

"माझीच चालेल की. पैसेही माझेच आहेत."

"फॉर्मवर खूणही तुमचीच आहे, काका. चेक असो, स्लिप असो, दोघांच्या सह्या. कार्डही मिळत नाही अशा खात्यावर."

"मग हे बदलून द्या."

"देऊ की. अर्ज करा. त्यावर दोघांच्या सह्या लागतील."

म्हणजे बायकोला पेटी गुपचूप द्यायची, तर आधी तिची लेखी परवानगी हवी! घरी आलो, दुरुस्तीवाल्याच्या नावानं चेक लिहिला, ती कामावरून येताच नावावर तळहात ठेवला आणि तिच्यापुढे धरला.

"जरा सही कर गं."

"कसला चेक?"

"सोसायटीचा मेंटेनन्स."

"सोसायटीची खजिनदार कोण आहे?"

गडबडीत मी हेही विसरलो होतो. "तूच," मी म्हणालो.

"मेंटेनन्स गेल्याच आठवड्यात भरला. हात उचला."

उचलला. साडेसहा वाजले होते. मग पेटी, वाढदिवस, वाघोलीचं गिऱ्हाईक, चौकोन, सगळं एका दमात सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली, "माझ्यासाठी?" मला वाटलं, जिंकलो. तिनं पेन उघडलं, चेक डोळ्यांजवळ नेला आणि पेन मिटलं.

"अहो, नवीन वर्ष लागून तीन आठवडे झाले. तारीख मागच्या वर्षाची टाकलीये."

"हात्तिच्या! खोडून नीट करतो."

"खोडाखोड केलेला चेक बँक घेत नाही. आणा ते चेकबुक इकडे. सगळं मी लिहिते, तुम्ही फक्त सही करा. आणि तीसुद्धा मी बोट ठेवीन तिथेच."